अंगणापासून पडावापर्यंत : शाळा मुलाकडे जाते तेव्हा

(हीरकमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर नावाचे एक स्थानक आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा दोन राज्यांची सीमारेषा नेमकी ह्या स्थानकातून गेली. तिकीटखिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत, असा तेथील प्रकार आहे. फलाटावरील एका बाकाचा निम्मा भाग एका राज्यात व निम्मा दुसऱ्या राज्यात येतो. येणारेजाणारे प्रवासी त्या बाकावर कौतुकाने बसतात, छायाचित्र काढून घेतात आणि पुढच्या गाडीने निघून जातात.

ह्याच सीमेवरून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आणखी एक प्रवास सुरू होतो. तो बहुधा रेल्वेने होत नाही. मुकादमाने पाठविलेल्या ट्रकमधून नंदुरबार, धुळे आणि डांग भागांतील आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातेतील उसाच्या फडांकडे निघतात. ट्रकमध्ये भांडी असतात, अंथरुणे असतात, क्वचित चार कोंबड्या असतात आणि मुले असतात. त्यांतील पुष्कळ मुलांची नावे गावच्या शाळेच्या पटावर नोंदलेली असतात. ट्रक सीमा ओलांडतो. नाव मात्र पटावरच राहते. पाच-सहा महिन्यांनी, उन्हाळ्याच्या तोंडी, मूल परत येते तेव्हा वर्गाचे पुस्तक संपलेले असते आणि परीक्षा दारात उभी असते.

हीरकमहोत्सव हा शाळेने घडविलेल्या विद्यार्थ्यांचा गौरव करण्याचा प्रसंग. तो यथायोग्य होतोच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र, शाळा नावाच्या व्यवस्थेने ज्यांना अजून नीट घडविलेले नाही, त्या मुलांचा आहे. मंगलप्रसंगी असा विषय काहींना अस्थानी वाटेल. परंतु साठ वर्षे टिकलेल्या शाळेपाशीच तो बोलता येतो.

शिक्षणाच्या अहवालांत अशा मुलांचा उल्लेख ‘पोहोचण्यास कठीण’ असा केला जातो. हा शब्दप्रयोग वरवर सहानुभूतीचा दिसतो, पण त्यातून कठीणपणा मुलाच्या अंगी चिकटविला जातो. उसाच्या फडापर्यंत मुकादम पोहोचतो, कारखान्याचा ट्रक मध्यरात्रीही पोहोचतो, किराणा दुकानदार पोहोचतो. तेथे शाळा पोहोचत नाही, एवढाच ह्या शब्दाचा खरा अर्थ. हा अर्थ ज्यांनी फार पूर्वी ओळखला, त्यांत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, आणि तो वाटा महाराष्ट्राच्या सीमेबाहेरही पसरलेला आहे.

बडोद्याचा धडा

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा भारतातील पहिला मोठा प्रयोग श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी केला. १८९३ मध्ये अमरेली भागातील निवडक गावांत त्याचा आरंभ झाला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण बडोदे संस्थानात लागू झाला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, त्या वेळी बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. विधेयक नामंजूर झाले, पण एका संस्थानाने जे करून दाखविले ते खोटे ठरविणे कोणालाही शक्य झाले नाही.

ह्या प्रयोगाची एक मर्यादाही होती आणि तिचे स्मरण ठेवणे हाच महाराजांच्या कार्याचा खरा आदर ठरेल. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होत असे. दंडाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. ज्या घरात मुलाच्या हाताला दोन पैशांचे काम आहे, तेथे दंड भरणे हाही एक हिशेब होऊन बसतो. शेतीच्या हंगामात वर्ग ओस पडणे कोणत्याही दंडाने पूर्णपणे थांबत नाही.

संस्थानाच्या कारभारातच ह्या प्रश्नाचे दुसरे उत्तरही सापडते. सोनगड ही गायकवाडांची जुनी राजधानी. ती नवापूरपासून जवळच, त्याच लोहमार्गावर आहे. तेथील जंगलभागातील आदिवासी मुलांसाठी संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसतिगृहयुक्त शाळा काढल्या. पाडे विखुरलेले, रस्ते नाहीत, पावसाळ्यात नद्या भरलेल्या. तेव्हा मुलांनी रोज शाळेत यावे असे फर्मान काढण्याऐवजी त्यांच्या राहण्याजेवणाची सोय शाळेनेच केली. जबाबदारीची दिशा येथे बदलली.

बोर्डी आणि कोसबाड

ही दिशा अखेरपर्यंत चालून पाहण्याचे काम ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी केले. ताराबाईंची शैक्षणिक जडणघडण गुजरातेत झाली, हे येथील पालकांना मुद्दाम सांगण्याजोगे आहे. राजकोट येथे अध्यापिकांच्या महाविद्यालयात प्राचार्यपद भूषविल्यानंतर त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरी पद्धती भारतीय मुलाला, भारतीय घराला आणि भारतीय खिशाला परवडेल अशी करून घेणे, हे दोघांचे समान उद्दिष्ट होते.

१९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडी सुरू केली. गावातील सुस्थित घरांतील मुले आली. दलित वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले आली नाहीत. निरोप पाठविले, घरोघर जाऊन बोलावले. फरक फारसा पडला नाही. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे. सेविका साहित्याची पेटी घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. तेथेच आंघोळ, तेथेच नखे कापणे, तेथेच गाणी, गोष्टी, रंग आणि मोजणी. ह्या वर्गाला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा हा साधा मराठी शब्द सबंध देशाच्या तोंडी गेला.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि प्रश्न अधिक अवघड झाला. वारली मुले दिवसभर गुरांमागे रानात असत. त्यांचे अंगण मोकळेच पडलेले असे. मग शिक्षक कुरणात गेला. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरू लागला. पाने, बिया, खडे आणि काटक्या ही तेथील शैक्षणिक साधने. ह्या वर्गाचे नाव ‘कुरणशाळा’. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही होते.

तरीही काही मुली येत नव्हत्या. कारण शोधता असे दिसले, की आईबाप कामावर गेले म्हणजे तान्ह्या भावंडाला सांभाळण्याचे काम सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे येते. तिला ‘बाळाला घरी ठेवून ये’ म्हणणे निरर्थक होते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात भरविण्यात आली. तिला ‘विकासवाडी’ म्हणत. मुलगी बाळाला कडेवर घेऊन येई, त्याला पाळणाघरात सोपवी आणि पलीकडच्या वर्गात जाऊन बसे. मध्येच उठून त्याला पाहून येण्याची तिला मोकळीक असे.

ह्या तीन पावलांतील तर्क ध्यानात घेण्यासारखा आहे. मूल का येत नाही, ह्याचे उत्तर प्रत्येक वेळी निराळे निघाले : एकदा वस्तीचे अंतर, एकदा गुरे, एकदा धाकटे भावंड. प्रत्येक वेळी शाळेने आपला आकार त्या कारणाप्रमाणे बदलला. ‘पर्यायी शाळा’ ह्या शब्दाला अर्थ असेल तर तो हाच.

उसाचा फड

आता पुन्हा त्या ट्रककडे वळावे. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणजे मजुरी मिळण्यापूर्वीच ती खर्चून गेलेली असते. उचल फेडायची तर जोडीने शक्य तितका ऊस तोडला पाहिजे. त्यामुळे मूल लिहून घेतलेला मजूर नसले तरी रिकामे राहत नाही. ते वाढे गोळा करते, मोळी बांधायला हात लावते, पाणी आणते, भावंडाची झोळी हलविते. तोडणी पहाटे सुरू होते. भरणीचा ट्रक रात्री कधीही येतो. गुजरातेत ह्या मजुरांच्या वस्तीला ‘पडाव’ म्हणतात. यान ब्रेमन ह्या डच समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेतील मजुरांच्या जीवनाचा अभ्यास केला, त्यात ह्या पडावांचे वर्णन आहे. ज्या बारडोलीने १९२८ साली शेतकऱ्यांच्या हक्कासाठी देशाला जागे केले, त्याच परिसरात हे पडाव पडतात.

महाराष्ट्रात ह्या मुलांसाठी ‘साखरशाळा’ निघाल्या. कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या शेजारी, हंगामापुरती शाळा. कल्पना उत्तम होती आणि पुष्कळ ठिकाणी कार्यकर्त्यांनी ती जीव ओतून चालविली. तिचे अनुभव मात्र मिश्र आहेत. गाळप सुरू होते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि शाळेच्या मंजुरीचा कागद उशिरा आला तर हंगामाचे कित्येक आठवडे वाया जातात. एका टोळीत पहिलीपासून सातवीपर्यंतची मुले असतात आणि शिक्षक एकच. फड बदलला की टोळी हलते आणि पट अर्ध्यावर येतो. गावी परतल्यावर साखरशाळेतील हजेरी ग्राह्य धरली गेली नाही, तर मुलाचे दोन्हीकडचे वर्ष बुडते.

दुसरा उपाय हंगामी वसतिगृहाचा. आईबाप तोडीवर गेले तरी मूल गावातच राहावे, तेथेच शिकावे, तेथेच जेवावे. ज्या घरी आजीआजोबा आहेत तेथे हा उपाय सर्वांत चांगला ठरतो, कारण शाळा तुटतच नाही. परंतु अगदी लहान मुलाला मागे ठेवायला आई धजत नाही. वयात आलेल्या मुलीला ठेवायला बाप धजत नाही. त्यांची भीती अडाणीपणाची म्हणून उडवून लावता येत नाही. वसतिगृहात विश्वासाची स्त्री कर्मचारी आहे का, रात्री दाराला कडी कोण लावतो, हे त्यांचे प्रश्न असतात. आणि त्यांची उत्तरे अंदाजपत्रकात शोधावी लागतात.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमानुसार शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश व बरोबरीने विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. पाचव्या कलमानुसार दाखला येण्यास उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. हे राज्याच्या सीमेपलीकडेही लागू आहे. गुजरातेत स्थलांतरित मुलांसाठी तंबूतील विशेष प्रशिक्षणवर्ग व स्थलांतर-पत्रक ह्यांची तरतूद आहे. कायदा आणि योजना ह्यांची वाण आहे असे म्हणता येत नाही. वाण आहे ती दोन राज्यांच्या मध्ये उभे राहून मुलाचा हात धरणाऱ्याची.

भाषेची सीमा

तिसरीतील एक मुलगा डोळ्यांसमोर आणावा. घरी तो मावची किंवा भिली बोलतो. गावच्या शाळेत पहिल्या वर्गात त्याला मराठी ऐकायला मिळाली. ती त्याला परकीच होती. दोन वर्षांत कष्टाने त्याने ती आत्मसात केली आणि बालभारतीचे पुस्तक अडखळत का होईना वाचू लागला. आता तो पडावावर आहे. जवळची सरकारी शाळा दोन-तीन किलोमीटरवर; ती गुजराती माध्यमाची. तेथील गुरुजी सज्जन आहेत. त्यांनी त्याला वर्गात बसवूनही घेतले आहे.

फळ्यावरची अक्षरे त्याला अर्धवट ओळखीची वाटतात. ग, न, म, प, त ही अक्षरे शिरोरेघ पुसल्यासारखी दिसतात. क, ज, झ, फ, भ मात्र निराळीच. आकडे बरेचसे जुळतात, म्हणून गणिताच्या तासाला त्याचा चेहरा खुलतो. भाषेच्या तासाला तो पुन्हा गप्प होतो. गुरुजींच्या नोंदीत ‘मुलास वाचता येत नाही’ असा शेरा पडतो. त्याला वाचता येते. त्या लिपीत येत नाही. ही दोन वाक्ये वेगळी आहेत आणि त्यांतील फरक दाखविणारे तेथे कोणी नाही. एप्रिलमध्ये तो गावी परततो तेव्हा मराठी वाचनाचा सराव तुटलेला असतो आणि गुजराती हाती आलेली नसते. तीन भाषांच्या मधोमध तो निरक्षर होत जातो.

हा मुलगा मंद नाही. पाच-सहा महिन्यांत नव्या भाषेत बाजारहाट करण्याइतके बोलणे तो सहज शिकतो. पण बोलीतून लिपीकडे आणि एका लिपीतून दुसरीकडे जाण्यास पूल लागतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५० क मध्ये भाषिक अल्पसंख्य वर्गातील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची अपेक्षा व्यक्त केलेली आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेद आला. गुजरातेतील मराठी शाळांना ह्या तत्त्वाचा आधार आहे. त्याच आधारावर पडावावरील मुलाचाही हक्क उभा राहतो.

पर्यायी की दुय्यम?

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. आंध्र प्रदेशात १९९० च्या दशकापासून बालमजुरांना शाळेत आणण्याचे मोठे काम एम. व्ही. फाउंडेशनने केले. त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या प्रा. शांता सिन्हा यांना २००३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची भूमिका स्पष्ट होती : जे मूल शाळेत नाही ते बालमजूरच समजावे, आणि कामावरून दमून आलेल्या मुलाला रात्री दोन तास शिकविणे म्हणजे त्याच्या मजुरीला मान्यता देणे. त्यांनी निवासी सेतुवर्ग चालविले. मूल कामातून सुटून तेथे राही, खेळे, शिके आणि वयाला साजेशा वर्गात नियमित शाळेत दाखल होई. सेतू हा ओलांडण्यासाठी असतो, राहण्यासाठी नसतो.

ह्या भूमिकेला विरोधी असे काम महाराष्ट्रातच, तितक्याच तळमळीने झाले आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक व डॉ. चित्राताई नाईक यांच्या पुण्याच्या संस्थेने १९७९ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत, दिवसा कामावर असणाऱ्या मुलामुलींसाठी सोयीच्या वेळी अनौपचारिक वर्ग चालविले. ज्या मुलींना अन्यथा अक्षरही दिसले नसते, त्या तेथे कंदिलाच्या उजेडात शिकल्या. त्या रात्री व्यर्थ गेल्या असे कोणी म्हणू नये.

दोन्ही बाजूंचे ऐकल्यावर एक कसोटी हाती येते. पर्यायी शाळा मुलाला नियमित शिक्षणाच्या जवळ नेते, की तेथून कायमची दूर ठेवते? फडावरील वर्ग जर ‘ह्या मुलांसाठी एवढे पुरे’ अशा भावनेने चालत असेल, त्यात कमी शिकलेला शिक्षक, कमी पुस्तके आणि कमी तास असतील, तर ती दुय्यम शाळा आहे, मग तिचे नाव कितीही गोड असो. तोच वर्ग जर मुलाची पायरी सांभाळून त्याला जूनमध्ये पुढच्या वर्गात सन्मानाने बसवीत असेल, तर तो खरा पर्याय होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी पर्यायी व नावीन्यपूर्ण शिक्षणकेंद्रांचा उल्लेख आहे, तोही मुलांना मुख्य प्रवाहात परत आणण्याच्या उद्देशानेच. अशा केंद्राचे यश, त्यात किती मुले आहेत ह्यावर मोजू नये. त्यातून किती मुले आपापल्या वर्गात परतली ह्यावर मोजावे.

सुटलेली पायरी

परंतु मूल परतल्यावर त्याला कोठून शिकवायचे? वर्ग पुढे गेलेला असतो. ह्या प्रश्नाचे एक उत्तर आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षणकेंद्राने शोधले. तेथील छोट्या बहुवर्ग शाळांत सर्वांना एकच धडा एकाच दिवशी शिकवीत नाहीत. भाषेचा व गणिताचा अभ्यास लहान लहान कार्डांत विभागलेला असतो. प्रत्येक कार्डावर एखादे चित्र व क्रमांक असतो आणि भिंतीवर सर्व कार्डांची शिडी लावलेली असते. मूल आपले चित्र शोधते, कार्ड घेते, काम करते आणि पुढच्या पायरीवर जाते. दोन महिने गैरहजर राहिलेले मूल परत आले म्हणजे ते ‘मागे पडलेले’ नसते. ते आपल्या पायरीवर उभे असते. १९९० च्या दशकात कर्नाटकातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेला ‘नली-कली’ हा उपक्रम ह्याच विचारातून वाढला आणि पुढे राज्यभर गेला.

स्थलांतरित मुलासाठी ही पद्धत जणू बेतून काढल्यासारखी आहे. गावच्या शाळेतील पायरीचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून मुलाबरोबर दिला, पडावावर तीच कार्डे मिळाली आणि परतताना नवा क्रमांक लिहून दिला, तर दोन राज्यांच्या मध्ये मुलाचे वर्ष हरवणार नाही. ह्यासाठी यंत्राची गरज नाही. गरज आहे ती एकमेकांशी बोलणाऱ्या दोन शिक्षकांची.

मराठी शाळेचे काम

गुजरातेतील मराठी शाळा ह्या बहुतांशी स्थलांतरितांच्याच शाळा आहेत. कोणी संस्थानी नोकरीसाठी आले, कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत, कोणी बँकेत. आपल्या मुलांची भाषा तुटू नये म्हणून त्यांनी वर्गणी काढून वर्ग सुरू केले. सुरतेच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेल्या श्रमिकांची वस्ती मोठी आहे, आणि तेथील महानगरपालिकेची शिक्षणसमिती आजही गुजरातीबरोबर मराठीसह अन्य माध्यमांच्या शाळा चालविते. घराण्याने खुर्चीवर बसण्याचे काम करणारा स्थलांतरित आणि कोयता चालविणारा स्थलांतरित, दोघेही एकाच सीमेवरून आले आहेत. एकाच्या मुलाला शाळा मिळाली. दुसऱ्याच्या मुलाला मिळालेली नाही.

आज अनेक मराठी शाळांपुढे पट कमी होण्याचा प्रश्न आहे. इंग्रजी माध्यमाची ओढ सर्वत्र आहे आणि पालकांना त्याबद्दल दोष देऊन उपयोग नाही. अशा वेळी रिकाम्या होणाऱ्या वर्गखोल्यांकडे पाहून हळहळ व्यक्त होते. पण त्याच वेळी काही कोसांवर मराठीतून दोन वर्षे शिकलेली मुले पुस्तकाविना बसलेली आहेत. पट वाढावा म्हणून त्या मुलांकडे पाहू नये. ती मुले एप्रिलमध्ये जाणारच आहेत आणि त्यांचे परत जाणे हेच यश मानायचे आहे. त्यांच्याकडे पाहावे ते ह्यासाठी, की मराठी आणि गुजराती ह्या दोन्ही लिपी जाणणारा शिक्षक, दोन्ही राज्यांची पाठ्यपुस्तके आणि सेवाभावी माजी विद्यार्थी, ह्या तिन्ही गोष्टी ज्या ठिकाणी एकत्र आहेत असे ठिकाण मराठी शाळेखेरीज दुसरे नाही.

काम मोठे वाटले तरी त्याचा आरंभ लहान आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात जवळच्या एखाद्या पडावावर जाऊन मुलांची यादी करावी : नाव, गाव, शाळा, इयत्ता आणि काय वाचता येते. त्या त्या गावच्या मुख्याध्यापकांना दूरध्वनी करून मूल कोठे आहे हे कळवावे. पडावाजवळच्या गुजराती शाळेशी स्पर्धा न करता तिला साह्य करावे. तेथील गुरुजींना दोन्ही लिपींतील अक्षरे समोरासमोर मांडलेला एक तक्ता करून दिला तरी ‘वाचता येत नाही’ हा शेरा पुष्कळ वह्यांतून पुसला जाईल. आठवड्यातून ठरावीक दिवशी मराठी वाचनाचा तास घ्यावा, तोही तोड आटोपल्यावर नव्हे तर दिवसाउजेडी. बाळांना सांभाळण्यासाठी एका बाईची नेमणूक करावी, कारण कोसबाडची मुलगी आजही पडावावर आहे आणि तिच्या कडेवर बाळ आहे. आणि हंगामाच्या शेवटी प्रत्येक मुलाच्या हाती, त्याने काय शिकले ते लिहिलेले पत्र गावच्या शाळेसाठी द्यावे.

एकदा जाऊन ब्लँकेटे व पाट्या वाटण्याने ह्यांतले काही साधत नाही. वस्तू घेताना मूल रांगेत उभे राहते. शिकताना ते समोर बसते. ह्या दोहोंत अंतर आहे. मुलाला तेच माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसले पाहिजे. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी राजघाटाजवळील बांधकामावर मजुरांची बाळे धुळीत पडलेली पाहिली आणि तेथेच एक तंबू उभारला. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था वाढली. आरंभी त्यांच्यापाशी इमारत नव्हती, योजना नव्हती. रोज तेथे जाण्याचा निश्चय तेवढा होता.

साठ वर्षांपूर्वी ज्या पालकांनी ह्या शाळेचा पहिला वर्ग भरविला, त्यांनीही मुले कोठे आहेत ते आधी पाहिले आणि मग जागा शोधली. त्यांनी घातलेला पाया भक्कम निघाला. हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या हजेरीपटाला, ज्यांचा कायमचा पत्ता दुसऱ्या राज्यातला आहे अशा काही मुलांची एक पुरवणी यादी जोडली जावी. येत्या दिवाळीनंतर ट्रक येतील, तेव्हा ती यादी लिहिण्यासाठी कोणीतरी पडावावर हजर असावे, एवढीच विनंती आजच्या ह्या सभेपुढे ठेवावयाची होती.

ह्या विद्यामंदिराचा शतकमहोत्सव याहून मोठ्या थाटाने साजरा होवो, आणि त्या वेळी व्यासपीठावर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांत पडावावर अक्षर गिरविलेली एखादी मुलगीही असो, ह्या सदिच्छेसह हे व्याख्यान पूर्ण होत आहे.